तिच्या हाताचा गुण

माझ्या नावावर जे थोडेफार शोधनिबंध आहेत, त्यांतल्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या निबंधाचे मुख्य विधान खोटे आहे. ते चुकीचे आहे एवढे म्हणून मला थांबता आले असते, कारण चूक अजाणतेपणी होते आणि तिला सगळे क्षमा करतात. परंतु तो निबंध छापून येण्यापूर्वीच त्यातले सत्य मला कळले होते. कळूनही मी तो छापू दिला आणि पुढे जवळजवळ वीस वर्षे त्याच्या आधाराने जगलो.

गेल्या वर्षी मी संपादकांना कळवून तो निबंध मागे घेतला. चार ओळींचे निवेदन प्रसिद्ध झाले. ते इंग्रजीत होते, आणि परक्या भाषेत खेद व्यक्त करणे फार सोपे असते हे मला तेव्हा समजले. खरी क्षमा एकाच व्यक्तीकडे मागायची होती. ती व्यक्ती आमच्याच जिल्ह्यात, पाटोद्याला, एसटीने दोन तासांच्या अंतरावर राहत होती.

माझा विषय अकार्बनी रसायनशास्त्र. त्यातही धातूचा अणू कार्बनच्या अणूशी थेट जोडला गेला की जी संयुगे तयार होतात, ती माझी आवड. बेंझिनच्या दोन कड्या एकमेकींना जोडायच्या असतील तर पॅलेडियम हा महागडा धातू मध्यस्थी करतो. दोन अडेल कुटुंबांमध्ये सोयरीक जुळवणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्यासारखा तो दोन्हीकडे बोलतो, गाठ मारून देतो आणि स्वतः पुन्हा मोकळा होतो. हे काम साध्या लोखंडाकडून करून घ्यावे, ही माझी महत्त्वाकांक्षा होती. लोखंड स्वस्त असते, विषारी नसते, जगभर मिळते. एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पॅलेडियमवर डॉक्टरेट करून मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात रुजू झालो, तो हे स्वप्न घेऊनच.

इथे संशोधन कसे चालत असे, हे सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. ईथर पस्तीस अंशांना उकळते. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी खोलीचे तापमान त्याहून अधिक असे, त्यामुळे बाटलीचे बूच सैल केले की ईथर आपोआप फसफसू लागे. आम्ही बाटल्या ओल्या वाळूच्या रांजणात पुरून ठेवत असू. उकळत्या फ्लास्कवरची वाफ थंड करायला वाहते पाणी लागते, आणि उन्हाळ्यात नळाला पाणी येत नसे. मग टोपात पाणी घेऊन त्यात बर्फाच्या कारखान्यातली लादी फोडून टाकायची आणि छोट्या पंपाने तेच पाणी फिरवत राहायचे. नायट्रोजनचा सिलिंडर मागवला की आठवडाभराने येई, आणि आला त्या दिवशी वीज जाई. हवेचा स्पर्श झाला की माझी संयुगे नारिंगीची तपकिरी होत. सकाळभर जपलेला नारिंगी रंग पंप थांबताच डोळ्यांदेखत गढूळ होताना मी इतक्या वेळा पाहिला आहे की आजही चहात दूध ओतताना माझे मन क्षणभर खिन्न होते. नमुने तपासणीसाठी बाहेरगावी पाठवावे लागत. उत्तर येई: 'नमुना विघटित झालेला आहे.'

या अडचणींची मी नेहमी तक्रार करीत असे. त्या खऱ्या होत्या. पण पुढे माझ्या खोटेपणाला मी त्यांचाच आडोसा केला.

शहरातली प्रयोगशाळा सोडताना तिथल्या सहकाऱ्यांनी मला पत्र्याचा एक डबा दिला होता. त्यात जुन्या मॅग्नेटिक नीडली होत्या. पांढऱ्या टेफ्लॉनचे वेष्टण असलेला करंगळीच्या पेराएवढा हा लोहचुंबक फ्लास्कमध्ये टाकला की खालच्या यंत्राच्या जोरावर तो गरगर फिरतो आणि द्रावण ढवळले जाते. त्या नीडली वापरून वापरून टोकांना काळपट झाल्या होत्या. तिकडे त्या टाकूनच देणार होते. आमच्या महाविद्यालयात मात्र नवी नीडल मागवायची तर प्रस्ताव, तीन दरपत्रके आणि प्राचार्यांची सही लागे. त्यामुळे तो डबा मी कुलपात ठेवीत असे.

लोखंडाची रिॲक्शन त्या नीडलींनी ढवळली आणि ती झाली. मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांनी दाखवणाऱ्या टीएलसीच्या पट्टीवर हवा तो ठिपका निळ्या दिव्याखाली दिसला, तेव्हा मी शिपाईमामांना पेढे आणायला पाठवले होते.

माझ्याकडे तेव्हा एक संशोधक विद्यार्थिनी होती. तलवाड्याच्या एका शेतकरी घरातली, बोलायला कमी, कामाला चोख. तिचा हात विलक्षण होता. संयुगाच्या द्रावणावर ईथरचा थर सोडायचा असतो. दोन्ही मिसळता कामा नयेत, मधल्या सीमेवर दिवसेंदिवस स्फटिक वाढतात. मी सोडलेला थर नेहमी मिसळत असे. ती परीक्षानळी तिरपी धरून काठावरून ईथर असे उतरवी की जणू दुधावर साय धरते आहे. मग त्या नळ्या कापूस भरलेल्या स्टीलच्या डब्यात घालून जिन्याखाली ठेवी, कारण तिथे कोणाच्या पावलांचा हादरा पोहोचत नसे. आमच्या निबंधातली रचना ज्या एका स्फटिकावरून ठरली, तो तिने वाढवला होता.

निबंध स्वीकारला गेल्याचे कळले ते नवरात्रात. पण छापण्याआधी परीक्षकांनी आणखी काही उदाहरणे करून पाठवायला सांगितले होते. ते काम मी तिच्याकडे दिले आणि खंडेनवमी आली.

आमच्या प्रयोगशाळेत खंडेनवमीला हत्यारांची पूजा होई. वजनाचा तराजू, निर्वात पंप, बर्नर, सगळ्यांना झेंडूचे हार. पूजा शिपाईमामा करीत. ते धर्मापुरीचे, देवाच्या कामात हयगय त्यांना चालत नसे. त्या वर्षी त्यांनी मला किल्ली मागितली, नीडलींचा डबा काढला, नीडली ताटात मांडल्या आणि एकेकीला हळदकुंकू लावले.

"मामा, त्यांना कशाला?" ती म्हणाली. "रंग चरांत बसेल, मग रिॲक्शनमध्ये उतरेल."

"ताई, सगळं काम त्या करतात अन् हार त्या पंपाला? लई अन्याव हाय हा."

सगळे हसले. दसऱ्यानंतर ती कामाला लागली तेव्हा कुंकवाचा रंग खरोखरच नीडलींच्या ओरखड्यांत बसला होता. धुऊन पूर्ण जाईना. हळदीतला रंग म्हणजे एक रसायनच, ते द्रावणात नको, म्हणून तिने नुकतेच आलेले नव्या नीडलींचे पाकीट फोडले. तिचा निर्णय अगदी योग्य होता.

रिॲक्शन झाली नाही. तिने पुन्हा केली. पट्टी कोरीच. संयुग नव्याने तयार करून केली, तरी कोरी. शिपाईमामा म्हणाले, "देवाचं कुंकू नको म्हणलं ना ताई, कोपला बगा." ती हसली नाही. माझ्याकडे येऊन म्हणाली, "सर, बाकी सगळं तेच आहे. फक्त नीडल बदलली. एकदा लोखंडाचं संयुग न घालता नुसती जुनी नीडल टाकून बघू का?"

त्या एका वाक्यात सगळे होते. मी पॅलेडियमच्या प्रयोगशाळेतून आलेला माणूस. मला ते तत्क्षणी समजायला हवे होते. बहुधा समजलेही असावे, कारण माझा आवाज चढला. "मुदत तोंडावर आली आहे आणि तुला खेळ सुचताहेत? वेळ नाही," मी म्हणालो.

त्या रविवारी दुपारी महाविद्यालय बंद असताना मी एकटा गेलो. फ्लास्कमध्ये सर्व काही घातले, फक्त लोखंड घातले नाही. जुनी नीडल टाकली आणि ढवळत ठेवले. चार वाजता पट्टी दिव्याखाली धरली. ठिपका होता. सुरेख, गोल, नेहमीच्याच जागी. वर्षानुवर्षांचे पॅलेडियम त्या ओरखड्यांत दबून बसले होते आणि तेच काम करीत होते. माझ्या लोखंडाने कधीच काही केले नव्हते.

मी फ्लास्क धुतला. पट्टी फाडून खिशात घातली. त्या क्षणी मला घाबरल्याचे आठवत नाही. फक्त कमालीचा संताप आल्याचे आठवते, आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की तो संताप तिच्यावर होता.

सोमवारी दोन सहकारी, शिपाईमामा आणि प्रॅक्टिकलची एक अख्खी तुकडी समोर असताना तिने पुन्हा तोच विषय काढला. मी शांतपणे म्हणालो, "ही रिॲक्शन माझ्या हातून होते. तुझ्याच हातून होत नाही. काहींच्या हाताला गुण नसतो. तुझ्या हाताला नाही."

रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने उच्चारावे असे हे वाक्य नव्हे. आमच्याकडे ते वैद्याबद्दल बोलतात, लोणचे घालणाऱ्या बाईबद्दल बोलतात. म्हणूनच ते सगळ्यांना लगेच पटले. माझ्याजवळ पुरावा नव्हता, आणि या वाक्याला पुरावा लागत नाही. तिने स्वतःच्या तळहातांकडे पाहिले आणि हात ओढणीखाली घेतले.

महिन्याभरात तिने संशोधन सोडले. कपाटाची किल्ली परत द्यायला आली तेव्हा दारातच उभी राहून म्हणाली, "सर, माझ्यामुळे तुमचा फार वेळ गेला. माफ करा."

मी म्हणालो, "असू दे."

माझ्या आयुष्यातल्या सर्व शब्दांमध्ये या दोन शब्दांची मला सर्वाधिक लाज वाटते. जुन्या नीडलींनी उरलेली उदाहरणे मी स्वतः पूर्ण केली, निबंधावरून तिचे नाव काढले, आणि तो छापून आला.

त्यानंतरची वर्षे मी एकाच कामात घालवली: ते खोटे खरे करण्यात. मला वाटत असे, लोखंडाकडून एकदा जरी ती रिॲक्शन करून घेतली, तर मागचे सगळे आपोआप धुतले जाईल. नव्या नीडली, नवी काच, नवी संयुगे. लोखंडाभोवती कधी नायट्रोजनचे हात गुंफले, कधी फॉस्फरसचे. पट्टी कोरी. कधी पुसटसा ठिपका दिसे, मी दोन दिवस आशेवर राही आणि तो मूळच्या पदार्थातला मळ निघे. परदेशातून अधूनमधून ईमेल येत: तुमची पद्धत आमच्याकडे चालत नाही, काही विशेष काळजी घ्यावी लागते का? मी सभ्यपणे उत्तर देई: द्रावके पूर्ण कोरडी आहेत याची खात्री करा. म्हणजे मी त्यांनाही तेच सांगत होतो, की हाताला गुण नाही. दरम्यान मला बढती मिळाली, मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळाली, शालश्रीफळ मिळाले. प्रयोगशाळेत परतलो की मी पुन्हा पंप सुरू करी आणि वीज गेली की महावितरणाला शिव्या देई. वीज गेली नसती तरी काही होणार नव्हते हे मला ठाऊक असे. तरी शिव्या देताना थोडे बरे वाटे.

गेल्या खंडेनवमीला शिपाईमामांची निवृत्ती जवळ आली होती. त्यांनी तो पत्र्याचा डबा काढला, माझ्याकडे पाहिले आणि डोळे मिचकावत म्हणाले, "सर, लावू का कुंकू? का पुन्ना कुण्या ताईची रिॲक्शन बिघडायची?"

ते थट्टा करीत होते. त्यांना काहीही माहीत नव्हते. मी लावा म्हणालो, खोलीत गेलो आणि संपादकांना लिहायला बसलो.

ती लग्न होऊन पाटोद्याला गेल्याचे मला माहीत होते. सासर व्यापारी, शंकराच्या उपासनेतले. बाजारपेठेत त्यांचे कृषी सेवा केंद्र. निवेदन छापून आल्यावर मी तिला भेटायला गेलो. दुकानात गिऱ्हाईक होते, गादीवर सासूबाई होत्या, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. तिने मला ओळखले, "या सर" म्हणून नोकराला खुर्ची आणि पाणी द्यायला सांगितले. काय हवे म्हणून विचारले. मुद्द्याचे बोलायचे सोडून, समोर बुरशीनाशकाचे निळे खडे दिसले म्हणून मी म्हणालो, "एक किलो मोरचूद."

पुन्हा गेलो, पुन्हा मोरचूद घेऊन आलो. असे इतक्यांदा झाले की घरी पिशव्यांची रांग लागली.

"आपल्या दारात एक लिंबाचं झाड," माझी पत्नी म्हणाली, "तेही कुंडीतलं. अख्ख्या मोसंबीच्या बागेला पुरेल एवढं मोरचूद कशाला?"

"महाविद्यालयात लागते."

"मग महाविद्यालयात नेऊन ठेवा. आणि ज्या कामाला जाताय ते करून या एकदाचं."

मी तिला काहीच सांगितलेले नव्हते.

त्या भेटींत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. दुकानात ती सगळे सांगत असे, करीत मात्र काहीच नसे. वजन करायचे ते नवऱ्याने, पुडी बांधायची ती नोकराने. ती काउंटरमागे हात पदरात घेऊन उभी राही. जिने साय धरावी तसे ईथर उतरवले होते, तिला मी एकदाही काही उचलताना पाहिले नाही.

शेवटच्या खेपेला तिचा नवरा कुठेतरी बाहेर गेला होता. पायरीवर एक बागायतदार उभे होते. त्यांच्या मोसंबीच्या खोडाला डिंक्या लागला होता आणि त्यांना त्यावर लावायचे बोर्डो मिश्रण कसे करायचे ते हवे होते. ती सांगत होती: मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत वेगळे विरघळवायचे, चुना वेगळा, मग दोन्ही एकत्र करायचे आणि त्यात लोखंडी विळा बुडवून बघायचा. विळ्यावर तांब्याची लाली चढली तर चुना कमी पडला समजायचे.

"वहिनी, तोंडी न्हाई ध्यानात राहत," ते म्हणाले. "दोन बादल्या घ्या अन् करूनच दावा की. गेल्या साली माझी पानं करपली."

ती घुटमळली. गादीवरून सासूबाई म्हणाल्या, "तिला नका सांगू भाऊ. पोराला येऊ द्या. तिच्या हाताला गुण न्हाई."

"कावून हो?"

"कावून म्हंजे? लग्न झालं त्या साली लोणचं घातलं, अख्ख्या बरणीला बुरशी. तवा तिनंच सांगितलं मला, आत्याबाई, आमच्या सरांनी पण सांगितलं होतं, माझ्या हाताला गुण नाही म्हणून. एवढा शिकलेला माणूस काय खोटं बोलंल? तवापास्नं आमी काही लावूच देत न्हाई तिला. उगं कशाला कुणाच्या बागेचं वाटोळं!"

त्या दुष्टपणाने बोलत नव्हत्या. ती त्या घरातली जुनी, मुरलेली थट्टा होती. बागायतदार हसले, नोकर हसला आणि तीही हसली, अगदी सवयीने. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुमी बी कॉलेजातलेच ना हो, सर? कोण होता तो मास्तर, वळखीचा हाय का तुमच्या?"

मी उत्तर देण्याआधीच ती घाईने म्हणाली, "नाही आत्याबाई, ते वेगळे होते. ह्यांचा विषय वेगळा." आणि नोकराला म्हणाली, "सरांचं मोरचूद बांध रे."

ती मला वाचवीत होती. ज्या वाक्याने तिचे हात इतकी वर्षे पदरात बांधून ठेवले, त्या वाक्याच्या धन्याला ती सासूसमोर, गिऱ्हाइकासमोर लाज वाटू नये म्हणून झाकत होती. नोकराने पिशवी पुढे केली. नेहमीसारखी ती घेऊन मी पायरी उतरू शकलो असतो. पण माझे ते वाक्य चारचौघांत बोललेले होते. ते एकांतात परत घेता येणार नव्हते.

मी पिशवी काउंटरवर ठेवली आणि खुर्चीवरून उठलो. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललो.

"मावशी, तो मास्तर मीच. आणि मी खोटे बोललो होतो. हिच्या हातात काहीही वाईट नव्हते. माझा प्रयोग खोटा होता, ते हिने ओळखले आणि मला विचारले. मग मी एकट्याने करून पाहिले, हिचे खरे निघाले. ते कळल्यानंतर, दुसऱ्या दिवशी, मी सगळ्यांसमोर हिच्या हाताला गुण नाही म्हणालो. मला माझी नोकरी आणि माझे नाव वाचवायचे होते. माझ्या प्रयोगशाळेत इतका चांगला हात त्याआधी आला नाही आणि त्यानंतरही नाही."

मग मी तिच्याकडे वळलो. तिचे हात पदराबाहेर आले होते आणि काउंटरच्या काचेवर टेकलेले होते.

"जाताना तू माझी माफी मागितली होतीस आणि मी 'असू दे' म्हणालो होतो," मी म्हणालो. "ती माफी मी मागायला हवी होती. चूक माझी होती, सगळी माझी. मला क्षमा कर."